‘गुगलवर पहिलं पान, लेखी हमी’ : एक कोटेशन ओळीओळीने वाचताना

जूनच्या सुरुवातीला माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. दादाचा रबाळे एमआयडीसीत गाळा आहे. रबरी गॅस्केट, ओ-रिंग, ऑइल सील असा यंत्रांतली आणि पाइपांतली गळती रोखणारा माल तो बनवतो. कोटेशनवर पाच ओळी होत्या : ५० कीवर्ड. दरमहा ३० ब्लॉग. दरमहा २०० बॅकलिंक. एआय सर्चसाठी विशेष पॅकेज. आणि ठळक अक्षरांत, ३ महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर, लेखी हमी. खाली महिना १५,००० रुपये, अधिक जीएसटी. फोटोखाली दादाने एवढंच लिहिलं होतं, ‘घेऊ का गं?’

ठाण्या-नवी मुंबईतल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे असे फोटो मला बरेच येतात. वागळे इस्टेटमधला वर्कशॉपवाला असो, घोडबंदर रोडवरची डेंटिस्ट असो की खारघरमधलं फिजिओथेरपीचं क्लिनिक, प्रत्येकाला असे फोन येतात. काही जण तर ‘गुगलमधून बोलतोय’ असंच सांगतात. त्यात आता एक नवी भीती आली आहे. गुगलवर काही विचारलं की वरच एआयचं तयार उत्तर दिसतं, मग आपल्या वेबसाइटवर कोण येणार? घाबरलेला माणूस लवकर सही करतो. म्हणून दादाला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

गुगल नेमकं करतं काय?

आधी हे कळलं पाहिजे, कारण बाकीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे पुस्तक मागायला गेलात तर कोणी त्या क्षणी सगळी कपाटं धुंडाळत नाही. पुस्तकांची सूची आधीच तयार असते, तिच्यात बघून सांगतात. गुगलही तसंच करतं. तुम्ही शोध घेता तेव्हा ते इंटरनेटवर शोधत फिरत नाही. ते आधीच करून ठेवलेल्या आपल्या सूचीत बघतं.

मात्र या ग्रंथालयात पुस्तकं कोणी आणून देत नाही. गुगलचे रोबो एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात नवी पानं शोधत राहतात. सापडलेलं पान वाचून ते कशाबद्दल आहे याची नोंद सूचीत होते. मग कोणी काही विचारलं की त्या सूचीतली कुठली पानं आधी दाखवायची हे ठरतं. शोधणं, नोंदणं, क्रम लावणं अशा या तीन पायऱ्या आहेत. आपलं पान या तिन्ही पायऱ्यांवर अडकू नये आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला सापडावं, यासाठी केलेल्या तयारीला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. थोडक्यात एसईओ.

आता गंमत बघा, दादासारखे सगळे जण तिसऱ्या पायरीबद्दल विचारतात, म्हणजे क्रमाबद्दल. पण मी पाहिलेल्या कितीतरी वेबसाइट दुसऱ्याच पायरीवर अडकलेल्या असतात.

नौपाड्यातल्या एका क्लासची गोष्ट सांगते. वेबसाइट देखणी होती आणि फोन मात्र एकही येत नव्हता. आठ महिने ते एसईओचे पैसे भरत होते. मी आत जाऊन बघितलं तर वर्डप्रेसच्या, म्हणजे ती वेबसाइट ज्या साधनावर बनवली होती त्याच्या, सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक होती, ‘सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये’ अशा अर्थाची. वेबसाइट बनत असताना ती टिक करतात आणि ते बरोबरच आहे, कारण अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत. ती काढायची राहून गेली. ज्या पुस्तकाची सूचीत नोंदच नाही, त्याचा क्रम सुधारण्याचे पैसे त्या क्लासच्या बाई आठ महिने देत होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला लागून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता टाका. तुमची पानं आली तर नोंद झालेली आहे. खात्रीने आणि पानागणिक बघायचं असेल तर गुगलचं सर्च कन्सोल नावाचं मोफत साधन आहे. ते प्रत्येक वेबसाइटच्या मालकाकडे हवंच. मी ‘मालकाकडे’ म्हटलं, वेबसाइट बनवणाऱ्याकडे नाही.

एक अडचण खास आपल्या मराठी वेबसाइटची. पूर्वीच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंमध्ये केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो. माहितीपत्रक जुन्या फाइलमधून उचलून वेबसाइटवर चिकटवलं की हे होतं. मग ते बिघडलेलं दिसतं म्हणून कोणी त्याचं चित्र करून लावतं. चित्रातला मजकूर गुगल नीट वाचेलच असं नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत, पुन्हा टाइप करून घ्या. एका दुपारचं काम आहे, आणि ते अनेक महागड्या पॅकेजांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

‘५० कीवर्ड’

कीवर्ड म्हणजे लोक शोधताना जे शब्द टाइप करतात ते. या ओळीमागची समजूत अशी, की ठरावीक शब्द पानावर पुन्हापुन्हा पेरले की गुगल पान वर नेतं.

एके काळी यात थोडं तथ्य होतं. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची एक लपलेली यादी देता यायची आणि लोक तीत वाटेल ते भरायचे. गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं की क्रम लावताना ही यादी आम्ही बघतच नाही. तरीही ती यादी भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. २०१९ पासून गुगल ‘बर्ट’ नावाची भाषा समजणारी प्रणाली वापरतं. तिला वाक्यातल्या शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध कळतात. शिवाय गुगलच्याच म्हणण्यानुसार रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध असे असतात, जे आधी कधीच कोणी केलेले नसतात. मग पन्नास शब्दांची यादी किती पुरणार?

दादाच्या वेबसाइटवर काय होतं ते सांगते. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, वेळेवर डिलिव्हरी. रबर गॅस्केटचे रबाळेतील अग्रगण्य उत्पादक.’ त्याखाली मालाचे सहा फोटो आणि फोन नंबर. हीच वाक्यं त्याच्या शेजारच्या गाळ्याच्या वेबसाइटवरही आहेत आणि महापे-पावणे-तुर्भ्यातल्या इतर गाळ्यांच्याही. गुगलने कोणाला वर ठेवायचं? त्याला निवडायला काहीच आधार नाही. खरं तर गिऱ्हाइकालाही नाही.

मी एक दिवस दुपारी दादाच्या गाळ्यात जाऊन बसले आणि त्याचे फोन ऐकले. त्यात येणारी ईपीडीएम, नायट्राइल, सिलिकॉन, व्हिटॉन ही रबराच्या प्रकारांची नावं. एका पार्टीने विचारलं, वाफेच्या लाइनला काय लावू? दादा म्हणाला, ‘ईपीडीएम घ्या, वाफ आणि गरम पाणी सोसतं. पण तिथे तेलाचा हात लागणार असेल तर घेऊ नका, फुगेल.’ दुसऱ्याला म्हणाला, ‘तेल आहे ना? मग नायट्राइल. पण ते उन्हात उघडं ठेवू नका, तडे जातात.’ मिठाईचं यंत्र बनवणारा एक जण होता, त्याला अन्नाला चालणारं सिलिकॉन सांगितलं, ‘दोनशे अंशाच्या आसपास निभावतं, पण ओढाताण सहन होत नाही, फाटतं.’ तेलही आहे, उष्णताही आहे आणि केमिकलही, अशा एकाला व्हिटॉन सांगितलं आणि ते महाग का पडतं तेही समजावलं. मग प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘शोअर किती हवं?’ म्हणजे रबर किती कडक हवं.

दोन तासांत त्याने जे ज्ञान फोनवरून फुकट वाटलं, त्यातला एक शब्दही त्याच्या वेबसाइटवर नव्हता. आणि पर्चेसचा माणूस गुगलवर टाइप करतो ते नेमकं हेच. ‘रबाळेतील अग्रगण्य’ असं कोणीही शोधत नाही. तो शोधतो वाफेला कुठलं रबर, दुधाच्या लाइनला कुठलं, तेलात काय टिकतं. दादाच्या बाबतीत कीवर्डची यादी कोणाकडून विकत घ्यायची गरजच नव्हती. ती रोज त्याच्या फोनवर येत होती.

‘दरमहा ३० ब्लॉग’

‘बरं, म्हणजे मजकूर हवा. मग महिन्याला तीस लेख तर चांगलेच की!’ असं दादा लगेच म्हणाला, आणि हा प्रश्न स्वाभाविक आहे.

पण तीस लेख लिहिणार कोण? कोटेशन देणाऱ्याला ईपीडीएम आणि नायट्राइलमधला फरक माहीत नाही. तो दुसऱ्या वेबसाइटवरचं फिरवून लिहील, किंवा एआयकडून घाऊक लिहून घेईल. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या नियमांत स्पष्ट केलं की केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने तयार केलेला, वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर हा स्पॅम धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. एआयची मदत घेणं हा स्वतःहून गुन्हा नाही. पान कोणाच्या उपयोगाचं आहे का, हा प्रश्न आहे. लेख हजार शब्दांचा हवा, दोन हजारांचा हवा, असा गुगलचा कुठलाही किमान आकडा नाही. कुठलं रबर कुठे चालतं याचं दादासाठी आम्ही पुढे केलेलं कोष्टक तीनशे शब्दांत मावतं.

याच जातीचा दुसरा प्रकार नवी मुंबईत फार चालतो, कारण इथे नोड, म्हणजे नेरूळ-वाशीसारखे विभाग, आणि सेक्टर भरपूर. एकच पान घ्यायचं आणि नावं बदलून ‘नेरूळमधील सर्वोत्तम’, ‘सानपाड्यातील सर्वोत्तम’, ‘कोपरखैरण्यातील सर्वोत्तम’ अशी चाळीस पानं करायची. अशा पानांवर वाचणाऱ्यासाठी काही नसतं, ती फक्त शोधातून माणसाला आत खेचण्यासाठी असतात. गुगल त्यांना ‘डोअरवे’ पानं म्हणतं आणि ती नियमबाह्य धरतं. फेब्रुवारी २००६ मध्ये याच कारणावरून गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट काही काळ सूचीतूनच काढून टाकली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचा मुलाहिजा ठेवला नाही, तर आपला काय ठेवणार?

तुमच्या खरोखर दोन शाखा असतील, एक वाशीला आणि एक पनवेलला, तर दोन पानं जरूर करा. पत्ता, वेळ, तिथे बसणारी माणसं, स्टेशनवरून यायचा रस्ता हे सगळं वेगळं असेल तर पानही वेगळं असणारच.

‘दरमहा २०० बॅकलिंक’

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक. हिचं महत्त्व खोटं नाही. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, ते याच कल्पनेवर. एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवतंय आणि बोट दाखवणाऱ्याची स्वतःची पत किती, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. आपण स्थळ बघताना चौकशी करतो तसंच. ओळखीच्या, जबाबदार माणसाचा एक शब्द पुरतो. पैसे देऊन गोळा केलेल्या दोनशे अनोळखी माणसांनी ‘मुलगा फार चांगला’ म्हटलं तर उलट शंका येते.

विकत घेतलेल्या लिंकांबद्दल गुगल अनेक वर्षं कडक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीबद्दल बातमी दिली. तिच्याकडे जाणाऱ्या हजारो लिंका असंबद्ध वेबसाइटवर पेरलेल्या होत्या. गुगलने तिला शोधात खूप खाली ढकललं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, अशा लिंका ओळखण्यासाठी ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आली. २०१६ पासून ती गुगलच्या मुख्य यंत्रणेचा भाग आहे आणि बऱ्याचदा अशा लिंका ती नुसत्या मोजतच नाही. म्हणजे दादाच्या दोनशे लिंकांमुळे कदाचित तोटा होणार नाही, पण फायदाही होणार नाही. पैसे मात्र जातील.

दादाला मी विचारलं, तुझा माल घेणारी यंत्रं बनवणारी कंपनी तिच्या वेबसाइटवर पुरवठादारांची नावं देते का? देते. तिथे तुझं आहे? नव्हतं. औद्योगिक संघटनेच्या सभासद यादीत नाव होतं, पण वेबसाइटचा पत्ता जुना. मागच्या वर्षी ज्या प्रदर्शनात स्टॉल घेतला, त्यांच्या यादीत पत्ताच दिला नव्हता. हे तीन फोन त्याने एका सकाळी केले. तीनच लिंका, पण प्रत्येक लिंकमागे त्याला खरोखर ओळखणारं कोणीतरी आहे.

याच संदर्भात ‘डोमेन अथॉरिटी’ नावाचा एक आकडा दाखवतात. तुमचा ९ आहे, आम्ही ४० करू, असं सांगतात. हा आकडा गुगलचा नाही. मॉझ नावाच्या एका खाजगी कंपनीचा तो अंदाज आहे आणि गुगल क्रम लावताना तो वापरत नाही.

‘पहिलं पान, लेखी हमी’

पहिलं पान, पण कुठल्या शब्दासाठी? कोणाच्या फोनवर? कुठे उभं राहून?

एक प्रयोग करा. तुम्ही ठाणे स्टेशनजवळ उभे राहा, मित्राला सीबीडी बेलापूरला उभं करा, आणि दोघांनी एकाच वेळी ‘डेंटिस्ट’ शोधा. दोघांना वेगळी नावं दिसतील. जवळच्या सेवा दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं : तुमचा धंदा त्या शोधाशी किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि त्याचं नाव किती आहे. यातलं अंतर कुठलीही एजन्सी कमी करू शकत नाही. स्वतःच्या दुकानात बसून, स्वतःच्याच फोनवर शोधून ‘आपण पहिले आहोत’ असं समजणंही म्हणूनच चुकीचं. तुम्ही दुकानातच बसलेले आहात.

हमी बहुतेक वेळा अशा शब्दासाठी पाळली जाते, जो कोणी शोधतच नाही. तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि गाळा नंबर टाकला तर तुम्ही पहिले येणारच, तेही काही न करता. गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्वतः लिहून ठेवलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि चांगल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. तीन महिन्यांची लेखी हमी देणाऱ्याने ते वाचलेलं नाही, किंवा वाचूनही तो तुमच्यापासून लपवतो आहे.

‘पण गुगलला पैसे भरले की वर येतं ना?’ येतं, जाहिरात म्हणून, आणि तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. जाहिरात घेणं गैर नाही. नव्या धंद्याला पहिले काही महिने तिचा उपयोगही होतो. पण पैसे थांबले की ती गेली, आणि तिच्यामुळे खालच्या मोफत निकालांतला क्रम बदलत नाही. हे दोन वेगळे गल्ले आहेत. ‘गुगलमधून बोलतोय, इतके पैसे भरा, वर आणतो’ असं फोनवर कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतो आहे.

दुकान आणि दवाखान्याचं काय?

दादाचं गिऱ्हाईक पुण्याचं असू शकतं, वापीचंही. पण खारघरच्या फिजिओथेरपिस्टकडे मुलुंडहून कोणी येणार नाही. अशा धंद्यांसाठी वेबसाइटच्या आधी गुगल बिझनेस प्रोफाइल महत्त्वाचं, म्हणजे नकाशावर तुमचं नाव, वेळ, फोटो आणि अभिप्राय दिसतात ती नोंद. ती मोफत आहे. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे द्या. नावातच ‘बेस्ट डेंटिस्ट इन ठाणे वेस्ट’ जोडणं नियमात बसत नाही आणि त्यामुळे प्रोफाइल बंद पडलेली मी पाहिली आहेत. सेक्टर, प्लॉट, इमारत नीट लिहा. नवी मुंबईत एकाच सेक्टर क्रमांकाचे पत्ते प्रत्येक नोडमध्ये असतात, त्यामुळे माणसं भलतीकडेच पोचतात. गणपतीत दुकान बंद ठेवणार असाल तर तिथल्या सुट्टीच्या वेळा बदला. बंद दुकानाशी येऊन परत गेलेला माणूस एक तारा देऊन जातो.

अभिप्राय विकत घेऊ नका. गुगल ते काढून टाकतं, आणि आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे. बऱ्या झालेल्या पेशंटला ‘दोन ओळी लिहाल का?’ एवढं विचारायला संकोच कसला? वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्या, ते उत्तर पुढचे शंभर जण वाचणार असतात.

‘एआय सर्चसाठी विशेष पॅकेज’

शोधाच्या वर दिसणारी एआयची उत्तरं गुगलने भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. त्यांचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधले तिथल्या लोकांचे शोध तपासले. एआयचं उत्तर दिसलं तेव्हा ८ टक्के वेळा लोकांनी खालच्या एखाद्या निकालावर क्लिक केलं. ते नव्हतं तेव्हा १५ टक्के. म्हणजे जवळपास निम्मं.

पण याची झळ कोणाला जास्त बसेल ते बघा. ‘गॅस्केट म्हणजे काय’ असं पान ज्याचं आहे, त्याला. त्या प्रश्नाचं उत्तर वरच मिळून जातं आणि तो वाचक तसाही माल घेणार नव्हता. ज्याला पुढच्या आठवड्यात दोनशे गॅस्केट हवेत, साच्याचा खर्च किती आणि कमीत कमी किती नग घ्यावे लागतील हे विचारायचं आहे, त्याला कुणा उत्पादकापर्यंत पोचावंच लागतं. आणि एआय तरी उत्तर कुठून देतं? त्याच सूचीतल्या पानांवरून. गुगलचं स्वतःचं म्हणणं आहे की या उत्तरांत दिसण्यासाठी वेगळं काही खास करावं लागत नाही. वेगळं पॅकेज विकणारा काय विकतो आहे, हे त्यालाच विचारा.

मग एजन्सी नकोच का?

असं मी म्हणणार नाही. मोबाइलवर पान उघडायला दहा सेकंद लागत असतील, फोटो अवजड असतील, पत्त्यापुढे ‘असुरक्षित’ असं येत असेल, तर ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. विशेषतः वेबसाइट नवी करताना. नव्या वेबसाइटमध्ये पानांचे पत्ते बदलतात आणि जुने पत्ते नव्यांकडे वळवले नाहीत तर वर्षानुवर्षांची ओळख एका रात्रीत पुसली जाते. नौपाड्यातून कासारवडवलीला राहायला गेलात आणि पोस्टात कळवलंच नाही, तर पत्रं जुन्या दारात पडून राहतात, तसं. ‘नवी वेबसाइट केली आणि फोनच बंद झाले’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेकदा हेच झालेलं असतं.

चांगला माणूस ओळखायचा कसा? तो आधी तुमच्या धंद्याबद्दल विचारतो : कोणतं काम परवडतं, कोणत्या पार्ट्या हव्यात, फोनवर काय विचारतात. तो काय बदल करणार ते लिहून देतो. महिन्याच्या अहवालात नुसत्या भेटींचा आकडा दाखवत नाही, एन्क्वायरी किती आल्या ते विचारतो. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याच नावावर ठेवतो. हे शेवटचं आजच तपासा. डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं आणि पुढे भांडण झालं म्हणून दहा-बारा वर्षांचं नाव सोडून द्यावं लागलेले दुकानदार मला माहीत आहेत. गाळ्याचे कागद आपण दुसऱ्याच्या कपाटात ठेवत नाही.

दादाने ते कोटेशन घेतलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसलो आणि चार प्रकारच्या रबराचं कोष्टक लिहिलं : कुठे चालतं, कुठे अजिबात चालत नाही, साधारण किती तापमान, किंमत कशाने वाढते. खाली साचा, सॅम्पल आणि कमीत कमी नगांबद्दल तो फोनवर जसं बोलतो तसंच. हे पान इंग्रजीतही केलं, मराठीतही. सर्च कन्सोल त्याच्या स्वतःच्या खात्यावर सुरू करून दिलं.

सप्टेंबरमध्ये त्याने पुन्हा एक फोटो पाठवला. सर्च कन्सोलमधली एक ओळ होती. वाफेच्या लाइनला ईपीडीएम की सिलिकॉन, असं कोणीतरी विचारलं होतं. पान अकरा वेळा दिसलं होतं, एक क्लिक. खाली दादाने लिहिलं होतं, ‘हा कोण असेल गं?’ आणि दोन मिनिटांनी, ‘सिलिकॉन वाफेत जास्त दिवस राहिलं की कसं होतं त्याचे जुने तुकडे माझ्याकडे आहेत. फोटो काढून टाकू का त्या पानावर?’

मी लिहिलं, आजच टाक.